भिंतीकडं तोंड केलेला मारोती

नवेगाव बांध
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मंजूले धुरपताबाईचे आशीर्वाद.

फोन करू नको. तू फोन केला का माहा बुढा, तुहे मामाजी, तो माह्या कानाले लावते, मले निस्तं भुर्र आयकू येते आन् मी आपली "हो, हो" म्हनते. काल तू काय सांगतलं आन् मी कायले हो म्हनली, मले माहीत नाई. बुढा म्हनते का तू रडून राहिली होती. रडनाऱ्या सुनेले कोनी हो-हो म्हनते काय? म्हून पत्र लिवून राहिली. सातवी पास आहो मी, इसरू नको. टेकचंद मच्छीची गाडी घेऊन एक दिवसाआड नागपूरले जाते, त्याच्यापाशी देते. कागदाले वास येईन, मन घट कर.

गुरुवारी पोरगी शाळेत रांगेत उभी होती, बसली ते बसलीच. सांजपर्यंत पाय हलेना. गोंदियाच्या डॉक्टरनं गुडघ्यावर ठोकून पाह्यलं आन् नागपूरले न्या म्हनला. इतकंच मले माहीत. नऊ वर्साचं लेकरू, तिले काऊन लकवा होईन? मले सारं लिव. लपवू नको.

इकडची कारजी करू नको. मी कामाले लागली आहो. मारोतीले नवस बोलली का रुची चालाले लागली तं माहा ओमेश तंबाखूचा खर्रा सोडन. जन्मभरासाठी. ओमेशले अजून सांगतलं नाई, तू सांग. आन् आपल्या इकडच्या प्रतापगडच्या महादेवाले बोलली का मंजू बिनचपलेची डोंगर चढन. हे तुले आता मी सांगतलंच.

तुही सासू
धुरपताबाई


नागपूर
१२ सप्टेंबर

ती. आईंना सा. न.

पत्र मिळालं. वासही मिळाला. पेडियाट्रिक वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "कोणी डब्यात मासे आणले?" मी म्हटलं, नाही, सासूबाईंचं पत्र आहे.

लपवत नाही. याला जीबीएस म्हणतात. लकवा नाही. महिन्याभरापूर्वी रुचीचं पोट बिघडलं होतं ना, त्या जंतूंशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली, तीच फौज चुकून तिच्या नसांवर उलटली. आधी पाय गेले. काल हातही उचलेनासे झाले. पाच दिवस इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, बहुतेक मुलं बरी होतात, पण वेळ लागतो, आणि बरं होण्याआधी आणखी बिघडू शकतं. किती बिघडेल, हे त्यांना सांगता येत नाही. ती शुद्धीवर आहे, सगळं समजतं. आज मला विचारत होती, "आई, माझी हजेरी कोण लावत असेल?"

आता नवसाबद्दल. आई, तुम्ही दुसऱ्याच्या नावानं नवस बोलता, हा कुठला नियम? ओमेशला मी सांगितलं. त्यांच्या तोंडात तेव्हा खर्राच होता, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. माझ्याबद्दल म्हणाल, तर मी शाळेत विज्ञान शिकवते. नसा इंजेक्शनानं आणि वेळेनं सुधारतात, माझ्या चपलांनी नाही. रागावू नका. पण खर्रा ओमेशचा, पाय माझे, मग तुमच्या वाट्याला काय?

आपली
मंजू


नवेगाव बांध
१५ सप्टेंबर

चि. सौ. मंजूले आशीर्वाद.

माह्या वाट्याले काय, म्हने! नवस बोलनं का सोपं काम आहे? कोनत्या देवापुढं काय बोलाचं, हे डोकं लागते. पायाचं काम मी मारोतीले दिलं. उडी मारनारा देव आहे, पायाचं त्यालेच समजते. हाताचं मातामायकडं. तिले आठ हात आहेत, दोनाचं तिले काय जड? तुह्या दवाखान्यात नसांचा डॉक्टर अलग आन् छातीचा अलग, असं तूच गेल्या वर्सी बुढ्याच्या वक्ती सांगत होती. मंग माह्या देवाईनं काय पाप केलं?

हात गेले असं आयकलं म्हून नवस वाढवले. तुह्या मामाजीची मिशी मातामायले बोलली. बुढा दोन दिवस मिशीवर हात ठेवून फिरला. मंग म्हनला, "माही मिशी आन् पोरीचे हात, याचा काय संबंध?" मी म्हटलं, देवाले जे वस्तू माणसाले आवडते तेच लागते. तुमची नावडती वस्तू तं मी आहो, मले कोन घेईन?

टेकचंदच्या नावानंही बोलली, का वर्सभर शिव्या देनार नाई. तो रस्त्यावर भेटला तं म्हनते, "काकू, बिना शिवीची मच्छी इकते काय कोठी?" पन रुचीचं नाव काढलं आन् त्यानं मान हालवली. काल त्याच्या गाडीपुढं म्हैस आली तं तो वरडला, "ए दोडक्या!" आख्खं बसस्टँड हासलं.

मी बरी आहो. जेवतो, चहा पेतो, आरामात आहो.

तुही सासू
धुरपताबाई


नागपूर
१८ सप्टेंबर

ती. आईंना सा. न.

काल सकाळी रुचीचा श्वास अपुरा पडायला लागला. तिला आयसीयूत नेलं. आता घशात नळी आहे आणि मशीन तिच्यासाठी श्वास घेतं. बोलता येत नाही. मान हलत नाही. फक्त पापण्या हलतात.

आत दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं सोडतात, एका वेळी एकाला. मोबाईल चालत नाही. काल मी पंधरा मिनिटं उभी होते आणि मला एक शब्द सुचला नाही. नववीच्या वर्गाला तासभर बोलणारी मी, आईनं मुलीला काय सांगायचं तेच विसरले. डॉक्टर म्हणाले, "तिला सगळं ऐकू येतं. बोला. काहीही बोला. घरचं बोला."

आई, माझ्याकडे आता घरचं काही नाही. दवाखान्याचंच आहे. तुम्ही लिहा. मी वाचून दाखवीन. तिच्या नावानं लिहा, आणि रडकं लिहू नका.

मंजू


नवेगाव बांध
२० सप्टेंबर

माह्या रुची लाडूबाईले आजीचे लाख आशीर्वाद.

तुही आई वाचून राहिली ना? तिले म्हनाव, आवाज काढून वाच, मेलेल्या मास्तरीनवानी वाचू नको.

तर आयक. तुह्या बकरीनं आबाचा चष्मा खाल्ला. पुरा नाई, एक दांडी. आता आबा चष्मा सुतळीनं कानाले बांधते आन् पेपर वाचते. पाहुनी आली तं तिले वाटलं, बुढ्याचा कान तुटला. आबा मले म्हनते, "बकरी इकून टाकू." मी म्हटलं, मालकीन नागपूरले आहे, तिले इचारल्याबिगर पान हालनार नाई.

आता गावाची बातमी. टेकचंद शिव्या देत नाई म्हून त्याच्या बायकोले वाटलं का याले ताप आला. तिनं काढा पाजला. तो पेला, आन् काढा कडू लागला तरी गप राहिला. तोंड उघडलं असतं तं नवस मोडला असता.

आबाची मिशी मी मातामायले बोलली, तुह्या हातासाठी. आबा रोज आरशापुढं उभा राहून तिले तेल लावते. म्हनते, जाऊन राहिली तं सजून जाऊ दे.

तुह्यासाठीबी एक बोलली, लाडूबाई. श्वासाचं काम मोठं आहे, तिथं लहान वस्तू चालत नाई. तं मी मातामायले तुहे केस बोलली. पुरं मुंडन. केस काय, वावरातल्या गवतावानी उगवते. तू आता रागावली असशील. रागाव. राग आला का श्वास जोरानं येते.

तुही आजी


नागपूर
२४ सप्टेंबर

ती. आईंना सा. न.

तुमचं पत्र आत न्यायला सिस्टर तयार नव्हत्या. मासळीचा वास आणि आयसीयू! शेवटी त्यांनीच पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वरून स्पिरिटनं पुसलं, आणि म्हणाल्या, "आता वाचा, आजी निर्जंतुक झाल्या."

आम्ही खूण ठरवली आहे. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. बकरीचं वाचलं तेव्हा बाजूच्या पडद्यावर तिच्या ठोक्यांचा आकडा वर गेला. मी घाबरले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, ती हसते आहे." आई, चेहऱ्यावर काही नाही, ओठ हलत नाहीत, गालही नाही. पण ती हसत होती. आकडा सांगत होता.

मुंडणाचं वाचलं. तेव्हा पापण्या इतक्या वेळा मिटल्या, की सिस्टरना वाटलं डोळ्यात काही गेलं.

तुम्हाला एक सांगते, हसू नका. सात वाजता तुम्ही देवघरात दिवा लावता ना, त्या वेळी मी इथं दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसते. काही म्हणत नाही, मला काही येतही नाही. घरी आता दिवा लागला असेल, आई पुटपुटत असतील, एवढंच मनात आणते. दहा मिनिटं. मग उठून ओमेशला जेवायला लावते. त्यांनी खर्रा सोडला, बरं का. आता दिवसभर बडीशेप खातात आणि सगळ्यांवर खेकसतात.

मंजू


नागपूर
२७ सप्टेंबर

आई,

रुचीच्या छातीत जंतू झाले. काल दुपारपासून ताप १०३. औषध बदललं. डॉक्टर म्हणाले, अठ्ठेचाळीस तास बघू. जास्त लिहवत नाही.

मंजू


नवेगाव बांध
१ ऑक्टोबर

प्रति,
चि. सौ. मंजू सुखराम-परिवार, मुक्काम नागपूर

विषय : घरातील देव भिंतीकडे तोंड करून असल्याबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मी एकवीस वर्षे सेवा सोसायटीचा सचिव होतो, मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही, तरी समजून घ्यावे.

तुझे २७ तारखेचे पत्र प्राप्त झाले. ते तुझ्या सासूने स्वतः वाचले. त्यानंतर तिने देवघरातील मारोती, महादेव व मातामायचा फोटो असे सर्वांचे तोंड भिंतीकडे फिरविले. तेव्हापासून दिवा नाही. भर नवरात्रात दिवा नाही. शेजारच्या बाया विचारायला आल्या, तर त्यांना म्हणाली, "देव झोपला आहे, तुमी आपल्या घरी जा."

पत्र लिही म्हटले तर लिहीत नाही. दिवसभर ओसरीवर बसते. शेतातल्या बायांना भाकरी द्यायची विसरते.

दुसरे असे की, ती तुला चहा पितो असे लिहिते ते असत्य आहे. ज्या दिवशी तुम्ही नागपूरला गेले त्याच दिवसापासून तिने चहा सोडला आहे. रुची बोलेपर्यंत घेणार नाही असे तिने फक्त मारोतीला सांगितले होते. मला तिच्या डोकेदुखीवरून कळले. तुला माहीत आहे की, चहा नसला तर ती सकाळी माणूस ओळखत नाही. पंचवीस दिवस झाले. मी गुपचूप कप पुढे ठेवून पाहिला. तिने तो बकरीला दिला.

मला उपाय सुचत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.

आपला
सुखराम
(मिशी अद्याप आहे.)


नागपूर
३ ऑक्टोबर

ती. आईंना सा. न.

नमस्कार लवकर उरकला, कारण मी रागावले आहे.

मामाजींनी सगळं कळवलं. रोज सात वाजता मी जिन्यात बसते, हे तुम्हाला लिहिलं होतं. ताप चढला त्या दिवशी बसले. दुसऱ्या दिवशी बसले. अठ्ठेचाळीस तासांचे बाहत्तर झाले, तरी बसले. आणि तिथून उठताना दर वेळी पायात उभं राहण्याइतकं बळ असायचं. मला वाटायचं, हे घरच्या दिव्याचं आहे. आई आपल्या वाटचंही मागून राहिल्या आहेत, आपण फक्त बसायचं. आता कळतं, की दिवा नव्हताच! इतके दिवस मी तुमच्या न लावलेल्या दिव्यापुढे हात जोडून बसले होते.

मग ते बळ आलं कुठून? माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. तुमच्या मारोतीला विचारावं, तर त्याचं तोंड भिंतीकडे.

ताप उतरतोय. काल १०१ होता, आज सकाळी ९९. छातीचा फोटो आधीपेक्षा बरा आहे. डॉक्टर पहिल्यांदा माझ्याशी बोलताना खुर्चीत बसले. घाईत नसले की बातमी चांगली असते, एवढं मला आता कळायला लागलं आहे.

आज आत गेले तर रुची माझ्या हाताकडे बघत होती. मी रिकामे हात दाखवले. "आजीचं पत्र नाही आलं. चालेल?" दोनदा पापणी मिटली. मी म्हटलं, "आजी थकली असेल." पुन्हा दोनदा.

तुम्ही देवाशी भांडा, बोलू नका, तुमचं तुम्ही बघा. पण तिला पत्र लिहा.

मंजू


नवेगाव बांध
४ ऑक्टोबर

चि. सौ. मंजूले आशीर्वाद.

लगन झाल्यापासून तू मले पहिल्यांदा रागावली. अकरा वर्सं तू "बरं आई, हो आई" म्हनत होती, मले वाटे का मी सुनेशी नाई, भिंतीशी बोलून राहिली. आता बरं वाटलं.

देवाचं तोंड काऊन फिरवलं, ते बुढ्याले माहीत नाई. तुले सांगतो. तुहं पत्र वाचलं आन् मी मारोतीपुढं बसली. म्हटलं, खर्रा दिला, मिशी दिली, पोरीचे केस दिले, चहा दिला, अजून तुले काय पायजे? सारं घर मी दुसऱ्याच्या नावानं वाटून टाकलं होतं. उरली होती मी. तं म्हटलं, मले घे. पोरीले ठेव आन् मले घे.

बोलून टाकलं, आन् मंजू, मले भेव वाटलं. त्यानं खरंच आयकलं तं? म्हटलं, धान कापाचं आहे, लोनचं घालाचं आहे, बुढ्याले भाजी कोनती कोठी ठेवली हे माहीत नाई. अडुसष्ट वर्साची म्हातारी, नातीसाठी जीव द्याले निघाली आन् भेली! मंग त्याच्या डोळ्याले डोळा देववेना. म्हून त्याचंच तोंड फिरवलं. त्याच्यावर राग नोहता, मले लाज वाटे.

तुहं पत्र आलं तं दोनदा वाचलं. तू बिनदिव्याची बसली आन् तुले बळ भेटलं. बरं आहे. म्हंजे तो माह्या दिव्याची वाट पाहात नाई. मी भेली का, लपली का, त्याले फरक पडत नाई, तो आपल्या कामावर जाते. सांजले उठली, मारोतीले पयले फिरवलं, शेंदूर पुसून नवा लावला. म्हटलं, "बापा, मले घे म्हटलं होतं ते इसर. घेशीन तवा घेशीन, मी बोलावनार नाई. पन पोरीचं पाह्य." दिवा लावला. सात वाजून गेले होते, तू उठली असशील.

बुढा चहाडखोर आहे. चहा मी सोडला ते कोनाले सांगाचं नोहतं. सांगतलेलं पुन्य उडून जाते.

खालचं रुचीले वाच:

लाडूबाई, आजी थकली नोहती, रुसली होती. आता नाई. बकरीनं आबाच्या चष्म्याची दुसरी दांडीबी खाल्ली. हिशोब बरोबर झाला, आता चष्मा दोन्ही बाजूनं सुतळीनं बांधला आहे आन् आबा बैलावानी दिसते.

धुरपताबाई


नागपूर
७ ऑक्टोबर

ती. आईंना सा. न.

काल सकाळी अकरा वाजता नळी काढली! ती आपला श्वास आपण घेते आहे.

दोन दिवस मशीन थोडं थोडं कमी करत होते. काल डॉक्टरांनी मला आत बोलावलं. नळी निघाली, रुची खोकली, निळी-जांभळी झाली, मग लाल झाली. डॉक्टर म्हणाले, "बेटा, आता हळू काहीतरी बोल बरं. आईला हाक मार." सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. ओमेश दाराच्या काचेला नाक लावून. तिनं ओठ हलवले. आवाज असा, जसा जुन्या दाराचा. मी वाकून कान लावला.

म्हणाली, "केस... नाही... देणार."

आई, दोन आठवडे मुलगी हे पोटात धरून होती! डॉक्टर विचारतात, काय म्हणाली? मी काय सांगणार? मी खाली फरशीवर बसले आणि इतकी हसले, इतकी रडले, की सिस्टरनी मलाच पाणी आणून दिलं. मग रुची म्हणाली, "मला पण."

हाताची बोटं हलू लागली आहेत. पाय अजून नाही. जे आधी गेलं ते शेवटी येतं, असं डॉक्टर म्हणतात.

ती बोलली आहे. आता चहा घ्या. हे मी तुम्हाला सून म्हणून नाही, हुकूम म्हणून सांगते.

तुमची
मंजू


नवेगाव बांध
१२ ऑक्टोबर

चि. सौ. मंजूले आन् माह्या रुचीले आशीर्वाद.

टेकचंद पत्र घेऊन आला तं गाडी बंद कराची इसरला. बुढ्यानं जोरानं वाचलं. मले आयकू आलं. टेकचंद रडला, आन् रडता रडता अशी एक शिवी दिली का कोंबड्या उडाल्या. मंग जीभ चावून माह्याकडं पाहे. मी म्हटलं, एवढी देवानं आयकली नसन, त्याचंबी ध्यान तिकडंच होतं.

चहा पेली. साखर टाकाची इसरली होती, तरी पेली.

आता केसाचं. रुची, तू नाई म्हनली ते बरोबर. तुले न इचारता मी बोलली, चुकी माही. पन मातामायले दिलेला शब्द तं आहे. दोन दिवस इचार केला. मंग आबाले घेऊन मातामायच्या झाडापाशी गेली, न्हाव्याले तथीच बोलावलं. म्हटलं, माय, नातीचे केस बोलली होती, आजीचे घे. पांढरे आहेत, पन लांब आहेत. आन् सारं मुंडन केलं. माह्या बाजूले आबा मिशी काढाले बसला. न्हावी म्हने, "काकाजी, अर्धी ठेवू?" आबा म्हनला, "देवाच्या कामात अर्धं नाई."

घरी आल्यावर आमी एकमेकाले पाह्यलं. आबा म्हनला, "बाई, आपन कोन?" चाळीस वर्सात इतकं हासलो नोहतो. बकरी आबाले ओळखत नाई, शिंग मारते.

ओमेशले सांग, बडीशेप कमी खा, पोट फुगते.

धुरपताबाई


नागपूर
५ नोव्हेंबर

ती. आईंना सा. न.

सोमवारी, १० तारखेला घरी सोडणार आहेत. दिवाळी वॉर्डात झाली, सिस्टरनी बेडला कागदी आकाशकंदील बांधला होता. रुची आता आधारानं बसते, चमचा धरते, दिवसभर बोलते. शेजारच्या बेडवरच्यांना तुमची सगळी पत्रं पाठ झाली आहेत.

पाय थोडे हलतात, पण उभं राहवत नाही. तीन महिने लागतील, सहाही लागतील. रोज व्यायाम. थोडा अशक्तपणा कदाचित राहीलही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी ते ऐकलं आणि सात वाजता जिन्यात जाऊन बसले. आता मला कोणी विचारलं, तुम्ही देव मानता का, तर काय सांगू? पण सात वाजता मी बसते, हे मात्र खरं आहे.

प्रतापगडला मी चढेन. माझ्या नावानं तुम्ही बोलला म्हणून नाही, माझं मीच ठरवलं. चपला काढून. पण रुची बरोबर येईल तेव्हाच, तिच्या पायांनी नाहीतर ओमेशच्या खांद्यावर. खाली रुची लिहिते आहे. अर्ध्या तासात एवढंच झालं.

मंजू

आजी, मी सवता लिहिते. पेनसिल पडते. मी लवकर चालले नाही तर मारोती रागवेल का. तुझं टक्कल मला पाहायचं आहे. रुची


नवेगाव बांध
८ नोव्हेंबर

माह्या रुचीले, मंजूले, ओमेशले आशीर्वाद.

रुची, तुह्या हाताचं अक्षर पाह्यलं. कोंबडीनं लिवलं असतं तं सरळ आलं असतं. मी ते पत्र आख्ख्या मोहल्ल्याले दाखवलं.

आबानं आंगनात दोन बाजूनं बांबू आडवे बांधले आहेत, तुह्या कमरेच्या मापानं, ओसरीपासून निंबापर्यंत. त्याले धरून चालाचं. पडशीन तं खाली तनस पसरवलं आहे. मी आंगनातले सारे खडे येचले. वाकून वाकून कंबर गेली, आता माह्यासाठी कोनी नवस बोला. धान कापनं सुरू आहे, आबा बांधावरून बायांवर वरडते, पन मिशी नाई म्हून कोनी भेत नाई.

मारोती रागवन काय, इचारलं तू. काल दिवा लावला आन् त्यालेच इचाराले बसली. हात जोडले. रोजच्यावानी मागाले तोंड उघडलं, तं काही यादच येईना. पोरगी श्वास घेऊन राहिली, बोलून राहिली, चमचा धरून राहिली. पाय आहे बाकी, पन त्याची मले घाई नाई वाटली. चाललीस तं बरं, हळू चाललीस तंबी बरं, काठी लागली तं आबाची आहे. म्हून मी काही मागतलं नाई. त्यानंबी काही मागतलं नाई. वात सरेपर्यंत आमी दोघं तसेच बसून राहिलो. तो रागावला असता तं मले समजलं असतं, इतके वर्सं सोबत काढले.

मंजू, सोमवारी गाडीत पोरीले तलावाच्या बाजूनं बसव आन् बांधापाशी गाडी थोडी हळू कराले सांग. थंडीचे पक्षी पान्यावर उतरले आहेत. दोन महिने झाले, पोरीनं छताबिगर काही पाह्यलं नाई.

तुमची
धुरपताबाई